वर्गात पोरंच नाहीत, शिकवायचं कुणाला?

मिरज_रोड : सांगलीत बीकॉमला शिकवतो. सकाळी 8 चा तास, पटावर 70, समोर 11. परवा एक पोरगं पहिल्याच बाकावर झोपलं, उठवायला गेलो तर बोटांना काळं ऑइल, कुपवाड एमआयडीसीत नाइट मारून थेट वर्गात आलेलं. न येणाऱ्यांच्या असाइनमेंट मात्र टायमात, आणि निम्म्यांची सुरुवात शब्दाला शब्द सेम, चॅटजीपीटीची कृपा. माझं म्हणणं, नोट्स सांगत बसू नका, त्या मोबाईलवर टाका, आणि तासाला पाच-पाच पोरं घेऊन विचारा, बाबा हा ताळेबंद का जुळंना ते सांग.

जुना_खडू : म्हणजे मास्तरनं गप्पा मारायच्या! अहो कर्मवीर अण्णांची, भाऊराव पाटलांची, कमवा आणि शिकाची पोरं राबूनच शिकली की, 1947 ला साताऱ्यात शिवाजी कॉलेज निघालं ते असल्याच पोरांसाठी. 75 टक्के हजेरी म्हणजे 75 टक्के.

मिरज_रोड : सर, तिथं काम संस्थेचंच, तास बघून वेळ लावता यायची. आता वेळ सुपरवायझर लावतो, त्याला आपलं टाइमटेबल कोण दाखवणार?

तासिकावाला : मी सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबावर, दोन कॉलेजं, मधे एसटी. तास घेतला तर पैसे, आणि बिल कधी निघतं ते विचारू नका. पाच-पाच म्हणजे 70 पोरांच्या 14 खेपा, त्या कुठल्या रजिस्टरला लावू? परमनंट असिस्टंट प्रोफेसरला तरी युजीसीच्या 2018 च्या नियमात आठवड्याला 16 तास शिकवणं धरलंय, वर नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या दर्जा तपासणीच्या, फायली. मेंटॉरिंगचा फॉर्म आहे म्हणा, मार्चमध्ये एका बैठकीत भरतो आम्ही, वेगवेगळ्या पेनांनी 😀

टीवाय_बीए : पोरांना कुणी विचारलं का पण? माझी पहिली एसटीच 8:40 ला स्टँडवर लागते, 8 चा तास बुडणारच. आणि समोर बसवून विचारलं की माझं येत असलेलं पण जातं. लेक्चर बरं, मागं बसून ऐकता येतं. एफवायला एक मॅडम फळ्यावर सावकाश लिहायच्या, तेवढंच अजून ध्यानात आहे.

मिरज_रोड : हे डोक्यातच नव्हतं. आणि तासिकावाले, खरंय, पगार महिन्याला येतो म्हणून सुचतंय मला.

जुना_खडू : मग आधी 8 चा तास 9 ला घ्या, बाकीचं नंतर भांडू.

मिरज_रोड : 9 ला घेतला तर ते नाइटवालं पोरगं अजून तासभर जागं राहणार, सर.