फॅटी लिव्हर असताना भाकरी सोडावी का?

प्रश्न : वैनतेय

नमस्कार. माझे वय 44, उंची 168 सेंटिमीटर आणि वजन 76 किलो आहे. मी मद्यपान करत नाही. पित्ताशयात खडे असावेत या शंकेने गेल्या महिन्यात पोटाची सोनोग्राफी केली. खडे आढळले नाहीत, परंतु अहवालात दुसऱ्या श्रेणीच्या फॅटी लिव्हरची नोंद आली आणि नंतरच्या रक्ततपासणीत एसजीपीटी (यकृताला इजा झाल्यास रक्तात वाढणारे विकर, म्हणजे एन्झाइम) 68 निघाले. डॉक्टरांनी वजन उतरवण्यास आणि कर्बोदके कमी करण्यास सांगितले.

आमच्या घरी दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, एखादी उसळ आणि रात्री थोडा भात असा आहार असतो. भाकरी ही कर्बोदकेच असल्यामुळे तीही बंद करावी, असे थोरल्या ताईचे मत आहे. दुसरीकडे, मक्यापासून काढलेल्या एका विशिष्ट स्टार्चमुळे यकृतातील चरबी घटते, असे वाचनात आले. एकच घटक रोगाचे कारण आणि उपाय दोन्ही कसा असू शकतो, हे मला उमजत नाही. भाकरी सोडावी का, आणि असे स्टार्च विकत घेऊन खावे का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : केतकी

मी अनेक वर्षे रुग्णांच्या आहारनियोजनाचे काम करते. हा गोंधळ माझ्यासमोर वारंवार येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

'कर्बोदके' या एका शब्दाखाली साखर, मैदा, पॉलिश केलेला तांदूळ, अख्खी मटकी आणि कांद्यातील इन्युलिन हा तंतुमय पदार्थ हे सारे येते. यकृताच्या दृष्टीने मात्र यांचे मार्ग वेगळे आहेत. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. जास्त प्रमाणात घेतलेल्या फ्रुक्टोजचा बराचसा निचरा यकृतालाच करावा लागतो आणि त्यातून तेथे नवी चरबी तयार होण्यास चालना मिळते. मैदा, साबुदाणा यांसारखे झटपट पचणारे स्टार्च रक्तातील साखर आणि तिच्यापाठोपाठ इन्सुलिन वाढवते. वारंवार वाढलेले इन्सुलिनही चरबी साठवण्याचाच संदेश देते. (गूळ आणि मध यांना येथे सवलत नाही, कारण त्यांतही हीच शर्करा असते. अख्खे फळ चालते, फळांचा रस टाळावा.)

आपण वाचलेले स्टार्च याच्या उलट वागते. त्यात अमायलोज या स्टार्चच्या घटकाच्या लांब, सरळ साखळ्या इतक्या घट्ट बसलेल्या असतात की लहान आतड्यातील विकरांना त्या पुरत्या तोडता येत नाहीत. न पचलेले हे स्टार्च मोठ्या आतड्यात पोचते आणि तेथील जिवाणू ते आंबवून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लघुशृंखल मेदाम्ले बनवतात. यालाच रेझिस्टंट स्टार्च म्हणतात. गुणधर्माने ते तंतुमय पदार्थांच्याच कुळातले आहे.

आपण वाचलेली माहिती बहुधा चीनमधील प्रयोगाची असावी. तो 2023 मध्ये 'सेल मेटाबॉलिझम' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. फॅटी लिव्हर असलेल्या 200 जणांपैकी एका गटाने चार महिने दररोज 40 ग्रॅम रेझिस्टंट स्टार्च घेतले, तर दुसऱ्या गटाने तितक्याच उष्मांकाचे साधे स्टार्च घेतले. यकृतातील चरबीचे प्रमाण पहिल्या गटात दुसऱ्याच्या तुलनेत सुमारे 9 टक्के-बिंदूंनी अधिक घटले, आणि वजनघटीचा परिणाम वजा केल्यावरही जवळजवळ 6 टक्के-बिंदूंचा फरक उरला. आतड्यातील जिवाणूंच्या रचनेत झालेला बदल हे त्याचे एक कारण असल्याचे संशोधकांनी दाखवले. निष्कर्ष आशादायक आहे. तरीही चार महिन्यांच्या एका प्रयोगावरून प्रत्येकाला या स्टार्चची भुकटी सुचवण्याचे धाडस मी करणार नाही.

आता भाकरीकडे वळते. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात, तर तितक्याच पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम 3 ग्रॅम. अख्ख्या मुगात सुमारे 17 आणि अख्ख्या हरभऱ्यात सुमारे 25 ग्रॅम तंतू असतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतू सुचवते. दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ आणि दोन वेळची भाजी यांतून आपण तेथवर सहज पोचता. म्हणून भाकरी सोडू नका. तिची संख्या ठरवून घ्या आणि रात्रीच्या भाताच्या जागी उसळ वाढवा. भाकरी काढून टाकलेल्या ताटात नंतर बिस्किटे आणि गोड चहा कसे शिरतात, हे मी फार वेळा पाहिले आहे.

वजनाला मात्र पर्याय नाही. सात ते दहा टक्के वजन उतरल्यास चरबीबरोबर यकृताचा दाहही कमी होण्याची शक्यता बरीच वाढते. आपल्या बाबतीत ही घट साधारण साडेपाच ते साडेसात किलो होते, आणि ती सहा महिने ते वर्षभरात सावकाश साधावी.

उत्तर : सोनसळी

केतकीताईंनी शास्त्र सांगितलेच आहे. मी केवळ स्वयंपाकघरातील दोन गोष्टी नमूद करते, कारण माझ्या यजमानांना हेच निदान झाले तेव्हा आमची नेमकी येथेच चूक झाली होती.

नाचणी उत्तम म्हणून आम्ही रोज सकाळी नाचणीसत्त्वाची खीर सुरू केली. सत्त्व करताना भिजवलेली नाचणी वाटून फडक्यातून गाळतात आणि चोथा टाकून देतात. म्हणजे ज्यासाठी नाचणी खायची तेच बाहेर जाते, आणि वर आम्ही गूळ घालत होतो. अख्ख्या नाचणीच्या पिठाची भाकरी किंवा ताकातील आंबील करावी. दुसरी गोष्ट उपवासाची. यजमानांचे आठवड्यातून दोन उपवास असत आणि दोन्ही दिवशी साबुदाण्याची खिचडी व बटाटा हेच खाणे होई. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, त्यात तंतू नावालाही नाहीत. उपवास सोडण्याची गरज पडली नाही. राजगिऱ्याची भाकरी, ताक आणि काकडीची कोशिंबीर यांवर ते आता निभावतात.

उत्तर : अश्वत्थ

एक सावधगिरीची बाब जोडतो. बाजारात इन्युलिनची भुकटीही 'यकृतासाठी' म्हणून विकली जाते. उंदरांवरील एका प्रयोगात, जो 2018 मध्ये 'सेल' या नियतकालिकात आला, शुद्ध इन्युलिन मिसळलेल्या आहारावर काही उंदरांमध्ये पित्तप्रवाह अडून यकृताचा कर्करोग झाला. हे उंदरांवरचे निरीक्षण आहे आणि कांदा-लसणातून मिळणाऱ्या इन्युलिनविषयी त्यामुळे भीती बाळगण्याचे कारण नाही. परंतु अन्नातून वेगळा काढलेला शुद्ध तंतू आणि अख्खे धान्य यांना एकच समजू नये, एवढा बोध त्यातून घेता येतो.

शिवाय, सोनोग्राफीतील श्रेणी चरबीचा अंदाज देते. यकृत किती कडक झाले आहे, हे तीवरून कळत नाही. हा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅन या तपासणीची आवश्यकता आहे का, हे आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे, कारण पुढील धोका मुख्यतः त्या कडकपणावर ठरतो.

वैनतेय

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भुकटीचा विचार मी सोडला आहे. एकच शंका उरली : शिळ्या भातात हेच स्टार्च तयार होते, असे ऐकले. मग रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन खाल्ला तर?

उत्तर : केतकी

तयार होते, पण फार थोडे. पांढऱ्या भाताच्या एका चाचणीत ताज्या भातात दर 100 ग्रॅममागे 0.64 ग्रॅम रेझिस्टंट स्टार्च होते. तोच भात 24 तास फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा गरम केल्यावर ते 1.65 ग्रॅम झाले. प्रयोगातील 40 ग्रॅमपुढे हे प्रमाण किती लहान आहे, ते आपल्या लक्षात येईल. भात उरला असेल तर खुशाल खा, मात्र वाटीनेच मोजून खा, आणि तो रात्रभर ओट्यावर राहू देऊ नका. उघड्यावर राहिलेल्या भातात वाढणाऱ्या एका जिवाणूचे विष फोडणी देऊनही नष्ट होत नाही. शिजल्यानंतर तास-दीड तासात तो फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

उसळींचे प्रमाणही एकदम वाढवू नका. आधी आठवडाभर अर्धी वाटी, मग पाऊण, आणि त्याबरोबर पाणी वाढवा. नाहीतर पोट फुगते आणि लोक आठ दिवसांतच उसळ सोडून देतात. तीन महिन्यांनी एसजीपीटी पुन्हा तपासून येथे कळवल्यास आम्हा सर्वांनाच त्याचा उपयोग होईल.