रविवारची फोर्ट सहल आणि विटेटसाहेब

*सेक्रेटरी:* रविवारी फोर्टची सहल. बस सकाळी ७ ला सुटेल. नावं आज रात्रीपर्यंत द्या.

*ए-४०१:* प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम आणि गेटवेच ना? शंभरदा बघून झालंय.

*बी-२०३ (काका):* बघितलंत, पण बांधलं कोणी ते सांगा बरं.

*ए-४०१:* इंग्रजांनी. 😄

*बी-२०३ (काका):* जॉर्ज विटेट. स्कॉटलंडचा. १९०४ ला इथे आला, सरकारी वास्तुविशारद जॉन बेगच्या हाताखाली लागला, पुढे मुंबई सरकारचा सल्लागार वास्तुविशारद झाला. म्युझियम, गेटवे, सायन्स इन्स्टिट्यूट, स्मॉल कॉजेस कोर्ट, केईएम, सगळी आखणी त्याचीच. बॅलार्ड इस्टेटमध्येही मोठा वाटा.

*सी-१०४ (वहिनी):* केईएमपण? माझी दोन्ही बाळंतपणं तिथलीच!

*ए-४०१:* काका, पण म्युझियमचा घुमट तर विजापूरचा उचललाय.

*बी-२०३ (काका):* उचलला, आणि लपवलाही नाही. गोल घुमटावरूनच घेतलाय. माझ्या मते गेटवेपेक्षा म्युझियमच सरस. आणि दगड कुठला? कुर्ल्याचा काळा आणि आपल्या मालाडचा पिवळसर. इमारत १९१४ ला उभी राहिली, पण महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होतं. लोकांना आत जायला १९२२ उजाडलं.

*बी-५०२:* गेटवे राजा पंचम जॉर्जच्या स्वागताला बांधला ना?

*बी-२०३ (काका):* गंमत तीच. राजा आला १९११ ला, तेव्हा पुठ्ठ्याची कमान होती. पायाभरणी १९१३ ला, आराखडा मंजूर १९१४ ला, उद्घाटन ४ डिसेंबर १९२४. समोरच्या रस्त्यासाठी पैसे उरले नाहीत, म्हणून कमान आजही रस्त्याला तिरकी दिसते.

*ए-४०१:* म्हणजे तेव्हाही बजेट संपायचं. आपली लिफ्ट आठवली.

*सेक्रेटरी:* लिफ्टचा विषय एजीएममध्ये. 🙏

*सी-१०४ (वहिनी):* मग साहेब निवृत्त होऊन परत गेले का?

*बी-२०३ (काका):* नाही वहिनी. १९१९ च्या सुमारास सरकारी नोकरी सोडून टाटांकडे गेला. टाटांचं मुख्यालय बॉम्बे हाउस त्याचंच. १९२६ ला इथेच आमांशाने गेला, पन्नाशीही गाठली नाही. शिवडीच्या दफनभूमीत पुरलाय.

*बी-५०२:* बॉम्बे हाउस म्हणजे जिथे भटक्या कुत्र्यांना आत घेतात तेच? आमची धाकटी कुत्रे बघायला मिळणार का विचारतेय.

*बी-२०३ (काका):* रविवारी ऑफिस बंद. बाहेर एखादा झोपलेला दिसला तर तिचं नशीब.

*ए-४०१:* बरं, माझी दोन नावं लिहा. खिडकीची सीट.