विंटर बिगोनिया: गाण्याचे प्रसंग सोडून द्यावेत का?

सायली_डोंबिवली
नमस्कार मंडळी. सध्या रात्रीची जेवणं झाली की मी आणि आई ‘विंटर बिगोनिया’ बघतोय. २०२० ची चिनी मालिका, ४९ भागांची. काळ १९३० च्या दशकातला, गाव पेकिंग, म्हणजे आजचं बीजिंग, तेव्हाचं बेइपिंग. शांग शीरुई हा ऑपेरात, म्हणजे चिनी संगीत नाटकात, स्त्रीभूमिका करणारा नट (यिन झेंग) आणि चेंग फेंगताई हा धनाढ्य व्यापारी (ह्वांग श्याओमिंग), या दोघांच्या मैत्रीची गोष्ट. वाडे, कपडे, माणसं, सगळं आवडतंय. पण रंगमंचावर गाणं सुरू झालं की गाडी अडते. तो उंच, ताणलेला आवाज आईला सोसत नाही. ‘पुढे घे गं’ म्हणते. मला वाटतं आपलं काहीतरी निसटतंय. ते प्रसंग सोडले तर चालेल का? आणि बाईचं काम करणारा पुरुष एवढा नावारूपाला यायचा, हे खरं की मालिकेपुरतं?

केदार_प
अगदी खरं. चीनच्या शेवटच्या, छिंग राजवटीत पेकिंगच्या रंगमंचावर बायकांना मज्जाव होता, म्हणून स्त्रीभूमिका पुरुषांकडे आल्या. १९२० च्या दशकापासून चार नटांची नावं एका दमात घेतली जायची: मेइ लानफांग, चेंग यानछिउ, शांग श्याओयुन, शुन हुइशेंग. मेइ लानफांग १९१९ मध्ये जपानला, १९३० मध्ये अमेरिकेला आणि १९३५ मध्ये सोव्हिएत रशियाला दौऱ्यावर गेले होते. आपल्याकडे बालगंधर्व गाजत होते तो काळ साधारण हाच.

रंगपेटी
सायली, सोडू नकोस गं. मी हौशी नाटकांची रंगभूषा करते, त्यामुळे माझी नजर आधी आरशासमोरच्या माणसाकडे जाते. ही मालिका मला तिथेच भिडली.

स्त्रीभूमिकेचा चेहरा कसा उभा राहतो ते नीट बघ. आधी पांढरटगुलाबी थर, मग डोळ्यांभोवतीपासून गालापर्यंत उतरत जाणारा लाल रंग. मग कपाळाभोवती पट्टी करकचून आवळतात, त्याने भुवया आणि डोळ्यांचे कोपरे वर ओढले जातात. ती पट्टी खेळ संपेपर्यंत तशीच. नवशिक्यांना त्याने मळमळतं, डोकं ठणकतं. त्यावर केसांच्या सपाट बटा येतात. एल्म झाडाच्या लाकडाच्या पातळ ढलप्या पाण्यात भिजवल्या की बुळबुळीत चिकट पाणी सुटतं, त्यात बटा भिजवून कपाळावर आणि गालांच्या कडेने चिकटवायच्या. पुरुषाचा रुंद जबडा त्या बटांखाली झाकला जातो आणि चेहरा निमुळता दिसायला लागतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या बटांच्या कडाच न्याहाळत बसले होते. रंग न वापरता नुसत्या केसांनी जबडा घडवायचा, केवढं डोकं चालवलंय!

आता आवाजाचं. तो मुद्दाम काढलेला वरच्या पट्टीतला गळा आहे, तरुण स्त्रीपात्राचा. त्याच्या अंगाला चिकटून एक छोटं, तीक्ष्ण आवाजाचं वाद्य चालतं, ते चिंगहू: बांबूचं, सापाच्या कातड्याने मढवलेलं, दोन तारांचं. आईंना म्हणावं, पहिले काही दिवस शब्द सोडून द्या, चिंगहू ऐका. गळा कुठे थांबतो, कुठे वळतो, हे तिथून उलगडत जातं. आणि मध्येच प्रेक्षक ‘हाओ!’ ओरडतात ना, तो गोंगाट नाही. जागा बरोबर पडली की द्यायची ती दाद आहे. चुकीच्या जागी ओरडणाऱ्याला जुने रसिक लगेच ओळखत.

मंचावर बहुधा एक टेबल आणि दोन खुर्च्या, बस्स. हातात चाबूक आला की घोडा आला, वल्हं आलं की नाव. ‘सानछाखौ’ नावाच्या खेळात दोघं जण काळोखात लढतात, म्हणजे मंचावर लख्ख उजेड असतो आणि ते काळोख असल्यासारखं चाचपडत लढतात. हे मालिकेबाहेरचं, पण मिळालं तर आईंना आधी हे दाखव. त्यात गाणं जवळजवळ नाहीच.

यिन झेंग मुळात ऑपेराचा नट नाही. तरी लांब पांढऱ्या बाह्या झटकून पुन्हा मनगटावर घड्या घालताना त्याचे हात बघ. ती मेहनत मला पडद्यावर दिसते. हे प्रसंग काढून टाकलेस तर शांग शीरुई एवढा हट्टी, एवढा पोरकट का वागतो, हे कळायला काही उरत नाही. तो पूर्ण माणूस फक्त मंचावरच असतो.

सायली_डोंबिवली
ताई, किती छान सांगितलंत! काल बटांचा प्रसंग मागे घेऊन पुन्हा पाहिला, आईसुद्धा पुढे सरकून बसली. आवाजाशी तिचं अजून जमत नाही, पण ‘पुढे घे’ म्हणाली नाही. एक विचारते, पुढे युद्ध येतं का? आईला तसलं फार सोसत नाही.

केदार_प
काळच तो आहे. जुलै १९३७ मध्ये पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर चकमक झाली आणि महिनाअखेरीस शहर जपान्यांच्या हाती गेलं. मालिकेतलं सांगत नाही, पण खऱ्या नटांवर काय आलं ते सांगतो. मेइ लानफांग यांनी मिशा वाढवल्या, म्हणजे स्त्रीभूमिका करा असं कुणी म्हणूच नये. चित्रं विकून घर चालवलं आणि १९४५ मध्ये जपान हरल्यावरच पुन्हा रंगमंचावर आले. चेंग यानछिउ पेकिंगच्या पश्चिमेला जाऊन शेती करायला लागले.

रंगपेटी
हे आईंना आधी सांगून ठेव सायली. शेवटचे भाग दिवसा बघा, आणि एका बैठकीत दोनपेक्षा जास्त नकोत.