जंगलातला रिकामा रस्ता, सायकल आणि आपण: तुमचे अनुभव सांगा

घाटांग_फाटा
सोसायटीत नवीन वॉचमन आलाय. काल दूध आणायला खाली गेलो तर सहज विचारलं, दादा गाव कुठलं? म्हणाला धारणीकडं, साहेब, हरिसालच्या आत. मी लगेच सुरू, अरे म्हणजे मेळघाट, सेमाडोह, कोलकास, सिपना नदी... तो बघतच राहिला, आणि मी दूध न घेता वर आलो. बायकोने काय ऐकवलं ते जाऊ द्या.

तर १९९६ चा फेब्रुवारी. अमरावतीला कॉलेजात होतो. तिघं जण, तीन काळ्या बावीस इंची सायकली, गिअर वगैरे कसलं काय. पहिल्या दिवशी परतवाडा गाठलं, एकाच्या मामाकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटे घाट चढायला घेतला, म्हणजे निम्मा घाट सायकलनेच आमच्याकडून ढकलून घेतला. घाटांगला फाटा फुटतो, एक रस्ता चिखलदऱ्याला आणि एक सेमाडोहकडे. आम्ही सेमाडोहचा धरला आणि तिथून पुढे दोन तासांत फक्त एक एसटी आणि एक लाकडाचा ट्रक. बाकी कोणी नाही. सागाची पानगळ चाललेली, ताटाएवढी पानं रस्त्यावर, चाकाखाली आली की पापड मोडल्यासारखा आवाज. उतार लागला, पॅडल थांबलं, मग तर मित्राच्या सायकलची पुढच्या चाकातली छर्रा गोळी कुरकुरते ते मला वीस हात मागे ऐकू यायला लागलं. इतकं शांत. पहिली दहा मिनिटं भारी वाटलं, नंतर खरं सांगतो फाटली.

एका वळणावर खांद्यावर कुऱ्हाड घेतलेले एक कोरकू आजोबा भेटले. थांबवलं आणि हिंदीत म्हणाले मोड आया तो घंटी बजाओ. मोटारीचा आवाज जनावराला लांबून कळतो, ते बाजूला होतं. सायकल कळत नाही. अस्वलाच्या एकदम अंगावर जाल. आता गंमत अशी की तिघांपैकी एकाच्याही सायकलला घंटी नव्हती, माझी तर कॉलेजच्या स्टँडवरून चोरीला गेलेली. मग सेमाडोहपर्यंत प्रत्येक वळणाच्या आधी डब्याचं झाकण हँडलवर आपटत गेलो. आजही वळण आलं की हात हँडलवर बोटं वाजवतो, कारमध्येसुद्धा.

वाघ दिसला का विचारू नका. नाही दिसला. तुमचे असे रिकामे रस्ते सांगा.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ घंटी स्टँडवरून गेली म्हंता, कोन्या सालात? कारन १९९५-९६ ले आमच्याकडं एक पोरगा होस्टेलात घंट्या जमा करे 😂 तुमची त्यातच असन.

घाटांग_फाटा
@वऱ्हाडी_ठेचा पत्ता द्या त्याचा, व्याजासकट घेतो

वऱ्हाडी_ठेचा
तो आता मोठा साहेब हाये, राहू द्या. बाकी मेळघाटाची खरी मजा तिकून, अकोटकडून. अकोला-खंडवा मीटरगेज होती तवा आम्ही सायकली गाडीत टाकू अन वान रोड स्टेशनले उतरू. तिथून वापस अकोटले सायकलनं. गाडी धूळघाटाले गोल गिरकी घेऊन चढे, वरून खालचा रूळ दिसे. २०१७ ले बंद केली ना बाप्पा. आता बसा बोंबलत.

मिरची_भजी
कोलकासच्या रेस्ट हाऊसवर अजून चहा मिळतो का? आम्ही गेलो होतो तेव्हा खानसाम्याने फक्त नाही म्हटलं होतं, कारण विचारलं तर दूध संपलं, काळा द्या म्हटलं तर साखर संपली 🙄

पामुलगौतम
वाचतेय सगळं. थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका.
माझे बाबा गडचिरोलीत, भामरागडच्या बाजूला शिक्षक होते, ऐंशीच्या दशकात. आलापल्ली ते भामरागड साठ-पासष्ट किलोमीटर सगळं जंगल, आणि बाबांची एक सायकल. रस्ता रिकामा असायचा कारण गाडीच नसायची. आमच्यासाठी त्यात शांतता वगैरे काही नव्हतं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गाव तुटायचं, नाला आडवा आला की बाबा सायकल खांद्यावर घ्यायचे आणि मी त्यांच्या पँटचा मागचा पट्टा धरून. एकदा शेजारच्या बाईला कळा सुरू झाल्या, तिला बाजेवर घालून हेमलकसाच्या दवाखान्यात नेलं, बाबा पुढे सायकलवर कंदील घेऊन. रस्त्यात कोणी भेटलं नाही याचं तेव्हा कोणालाच कौतुक नव्हतं.
पण हेही खरं की बाबा रिटायर होऊन नागपूरला आल्यावर त्यांना झोप लागायची नाही, ट्रकच्या हॉर्नने. म्हणायचे तिकडे वाघ ओरडला तरी झोपायचो.

घाटांग_फाटा
ताई राग कसला. हे लिहिलंत बरं झालं. बाई वाचली ना?

पामुलगौतम
हो. मुलगी झाली. माझ्या नंतरच्या वर्गात होती ती.

स्ट्रूपवाफल_पोळी
माझा अनुभव एकदम उलटा, हसू नका. मी नेदरलँड्सला राहते, आईबाबा आले होते तेव्हा त्यांना होगे वेलुवेला नेलं. मोठं जंगल-पार्क आहे, साधारण साडेपाच हजार हेक्टर, गेटवर तिकीट काढलं की आत पांढऱ्या सायकली फुकट. कुलूप नाही नाव नाही, कुठलीही उचला आणि कुठेही ठेवा, अशा अठराशेच्या आसपास आहेत. गाड्यांचा रस्ता वेगळा, सायकलीचे रस्ते पाईनच्या झाडीतून आणि हेदरच्या (खुरटी झुडपं असतात) माळावरून जातात.
आई सातारची, शाळेत सायकलने जायची, म्हणाली मी तुझ्या आधी शिकलेय. बसली आणि सुसाट. आणि मग उतारावर ओरडायला लागली अगं ब्रेक कुठाय ब्रेक!! कारण या सायकलींना हँडलवर ब्रेक नसतो, पॅडल उलटं दाबायचं. आम्ही सांगायचं विसरलो होतो. आई हेदरच्या झुडपात. काही लागलं नाही, साडीला काटे (हो साडीच, वर जॅकेट). समोरून एक डच आजोबा आले, थांबले, आईला हात देऊन उठवलं आणि आईने त्यांना मराठीत सगळी तक्रार सांगितली. ते मान हलवत होते. पाच मिनिटं.
नंतर मधल्या म्युझियममध्ये गेलो, व्हॅन गॉगची एवढी चित्रं आहेत तिथे, आई सगळा वेळ बाकावर बसून काटे काढत होती.

चेन_पडली
उलटं पॅडल मारलं की ब्रेक?? आमच्याकडे उलटं मारलं की चेन पडते. आयडी बघा माझा

मिरची_भजी
आई महान आहेत. साडीत सायकल म्हणजे पदर चाकात जायची भीती नाही वाटली का त्यांना

स्ट्रूपवाफल_पोळी
खोचलेला. आमच्या आईचा पदर वादळात पण हलत नाही.

चौकुळ_रिटर्न
आंबोली ते चौकूल रस्ता कोणी केलाय का सायकलने? मी कोल्हापूरचा, दर पावसाळ्यात एकदा जातोच. गाड्या सगळ्या धबधब्यापाशी तुंबलेल्या असतात, कणसं खात. तिथून फाट्याला वळलं की नाद खुळा, कोणच नाही. मागच्याच्या मागच्या वर्षी जुलैत गेलो, धुकं असं की स्वतःचं पुढचं चाक दिसंना. हळूहळू चाललोय, समोर रस्त्याच्या कडेला मोठा काळा दगड. म्हटलं दरड आलीय बहुतेक. जवळ गेलो तर दगडाला पांढरे मोजे. गवा!! ब्रेक दाबला तर ओल्या रिमवर रबर नुसतं सुर्रर्र. थांबलो तवा माझ्यात आणि त्याच्यात एक खोली एवढं अंतर. त्यानं फुस्स केलं. मी पण केलं असणार. मग तो निवांत खाली उतरून गेला. मी तिथंच पंधरा मिनिटं उभा, पाय लटलट.
तेव्हापासून डिस्क ब्रेक. घरी सांगितलं नाही अजून, बायको इथं वाचत नाही म्हणून लिहिलं.

चौकुळ_बायको
वाचते.

वऱ्हाडी_ठेचा
😂😂😂 मेला

घाटांग_फाटा
धागा काढल्याचं सार्थक झालं 😂 बघा, घंटी हवी होती

गुडघा_४७
वय ४७, वजन ९१, गुडघा कुरकुरतो. मला कोणती सायकल घ्यावी? बजेट पंचवीस हजार. हायब्रिड का एमटीबी (माउंटन बाईक)? दुकानदार म्हणतो कार्बन फोर्क घ्या

चेन_पडली
काका आधी भाड्याने घेऊन महिनाभर चालवा. कार्बन फोर्कने २०० ग्रॅम वाचतील, तेवढे रात्रीच्या जेवणात वाचतात. सीटची उंची नीट ठेवा, खाली ठेवली की गुडघा जातो.

सांगेकर
गोव्यातून लिहितो. रिवण ते नेत्रावळी हा आमचा रविवारचा रस्ता. तुम्हाला सांगून खरं वाटणार नाही, पण आधी याच भागात मायनिंगचे ट्रक एकामागोमाग एक, रस्त्याला लाल चिखल, सायकल काढायची तर जिवावर उदार व्हायला हवं होतं. २०१२ ला खाणी बंद झाल्या आणि एका रात्रीत सगळं सामसूम. पानांवरची लाल धूळ पहिल्या पावसात धुऊन गेली. आम्ही चौघे जण सायकली घेऊन निघालो, मधोमध चालवली, हात सोडून चालवली, लहान पोरांसारखं. नेत्रावळीच्या बुडबुड्यांच्या तळीवर बसून पोळे (आमचे घावन) खाल्ले. पण येताना पाहिलं तर वाटेतली चहाची गाडी बंद, गॅरेज बंद, आमच्यातल्याच एकाचे दोन ट्रक घरासमोर उभे, बँकेचा हप्ता चालू. तो त्या दिवशी आमच्याबरोबर सायकलवर होता. काही बोलला नाही. मला पण विचारायला सुधरलं नाही.

पामुलगौतम
@सांगेकर हेच म्हणत होते मी.

कान्हेरी_फास्ट
आमचं मुंबईकरांचं जंगल म्हणजे बोरिवली नॅशनल पार्क. भाड्याची सायकल, सीट वाकडी, आणि कान्हेरीचा शेवटचा चढ. वर पोचल्यावर बास्केटमधला वडापाव माकडाने नेला, पाव टाकून दिला फक्त वडा खाल्ला. चॉईस आहे त्याला. सकाळी गेटजवळ गर्दी असते पण आत गेलं की लोकलचा आवाज कधी बंद झाला ते कळत नाही. बिबटे आहेत हे लक्षात ठेवून संध्याकाळी रेंगाळू नका.

नियमावली
पण टायगर रिझर्व्हमध्ये सायकल चालते का? कोणी अडवत नाही?

घाटांग_फाटा
आम्ही गेलो तो सार्वजनिक रस्ता होता, एसटीचाच. सफारीच्या आतल्या रस्त्यांवर सायकलने सोडत नाहीत आणि सोडूही नये. आता जायचं असेल तर नाक्यावर विचारूनच जा, आणि दिवसाउजेडी.

बदकवाली
सायकलने आत फिरायचंच असेल तर भरतपूर. केवलादेव पार्क, २९ चौरस किमी, गेटवर सायकल भाड्याने मिळते, सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना पाणी आणि बाभळी. थंडीत जा. थांबायचं, पाय टेकवायचा, दुर्बीण लावायची. @गुडघा_४७ तुमच्यासाठी बेस्ट, एक चढ नाही. पक्ष्यांचा विषय निघालाच आहे तर, रानपिंगळा, हे छोटं घुबड, जो शंभरावर वर्षं नामशेष समजत होते तो १९९७ ला आपल्या शहाद्याजवळच परत सापडला, आणि मेळघाटातही आहे. घाटांगदादा, तुम्ही ९६ ला झाकणं आपटत गेलात ना, तो बसला असेल वरती कान झाकून 😄

घाटांग_फाटा
अरे देवा. हे डोक्यात पण नव्हतं.

गुडघा_४७
भरतपूरला किती दिवस लागतात? आणि ट्रेन कुठली? सायकल ट्रेनमध्ये चढवता येते का? मी अजून घेतली नाहीये पण

चेन_पडली
काका तिथे भाड्याने मिळते म्हणालीये ती!!

चौकुळ_रिटर्न
कोणाला डिस्क ब्रेकवाली सायकल हवी आहे का, चांगल्या स्थितीत, घंटीसकट. घरून आदेश आलाय.

गुडघा_४७
किती म्हणता?