मदत हवी आहे: आई-बाबांसोबत आरव्हीने डेथ व्हॅली ते मेसा व्हर्दे

नमस्कार मंडळी,

आई-बाबा यंदा वसंतात अमेरिकेत आमच्याकडे येताहेत. त्यांना घेऊन लॉस एंजेलिसहून भाड्याच्या आरव्हीने (पलंग-बाथरूम असलेली फिरती घर-गाडी) निघायचं, आणि मान्झनार, डेथ व्हॅली, फ्लॅगस्टाफजवळचे वुपाट्कीचे प्राचीन अवशेष, ॲरिझोनातलीच कॅन्यन डी शे ही दरी असं करत कोलोराडोतल्या मेसा व्हर्देला पोचायचं, असा बेत आहे. बाबांना इतिहासाचं भारी वेड. कड्याच्या कपारीत बांधलेली ती बाराव्या-तेराव्या शतकातली घरं त्यांना एकदा प्रत्यक्ष बघायची आहेत. आईला वाळवंट बघायचंय. दोघांचे गुडघे दुखतात. रोज सामान उपसायला नको आणि बाथरूम कायम सोबत हवं, म्हणून आरव्ही.

घोडं अडलंय तारखांवर. मेसा व्हर्दे 7,000 फुटांच्या आसपास, एप्रिलमध्ये तिथे बर्फसुद्धा पडतो. डेथ व्हॅलीत नेमकं उलटं. फर्नेस क्रीक समुद्रसपाटीच्याही खाली, मे महिन्यातच दुपारचं तापमान सरासरी 100 फॅरनहाइटच्या (38 सेल्सियस) घरात जातं. जगातलं सर्वाधिक नोंदलेलं हवेचं तापमान, 134 फॅरनहाइट, तिथलंच आहे, 10 जुलै 1913चं. म्हणून एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात डेथ व्हॅली उरकायची आणि मेच्या मध्यापर्यंत सावकाश वर चढत मेसा व्हर्दे गाठायचं, असं ठरवतेय. हे जमेल ना?

दुसरा प्रश्न गाडीच्या लांबीचा. डेथ व्हॅलीतल्या डान्टेज व्ह्यू आणि आर्टिस्ट्स ड्राइव्ह या दोन्ही रस्त्यांवर 25 फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही. मेसा व्हर्देत वेदरिल मेसाच्या रस्त्यालाही तीच मर्यादा. 30 फुटी गाडीत आई-बाबांना ऐसपैस जागा मिळेल, पण डान्टेज व्ह्यूवरून खालचं मिठाचं खोरं त्यांना दिसणारच नसेल तर एवढ्या लांब नेऊन काय उपयोग? माझा कल 23 फुटीकडे आहे. मागचा पलंग त्यांना, ड्रायव्हरच्या डोक्यावरचा आम्हा दोघांना. चार मोठी माणसं अशा गाडीत राहिली आहेत का कोणी?

सगळ्यात जास्त काळजी रात्रीची. विजेचा हुकअप (गाडी बाहेरच्या विजेला जोडायची सोय) नसेल तर छतावरचा एसी जनरेटरवरच चालणार, आणि कॅम्पग्राउंडमध्ये रात्री जनरेटर बंद ठेवावा लागतो. बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. मग खोऱ्यात मुक्काम करावा की नाही?

बाबांनी न्यू मेक्सिकोतल्या चाको कॅन्यनच्या प्राचीन अवशेषांचंही नाव काढलंय. पण शेवटचे 13 मैल कच्चा रस्ता, आणि भाडेकरारात कच्चे रस्ते साफ वर्ज्य. काही पर्याय?

मान्झनार वगळा असं मात्र कृपया सुचवू नका. दुसऱ्या महायुद्धात 10,000हून अधिक जपानी वंशाच्या लोकांना तिथे काटेरी तारेआड डांबलं होतं, आणि त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते. बाबांना तो टेहळणी मनोरा आणि त्या बराकी दाखवायच्याच आहेत.

प्रतिसाद:

तुमचा क्रम अगदी योग्य आहे, उलटा करू नका. गाडी 23 फुटीच घ्या. आम्ही चौघं तशाच गाडीत राहिलो होतो. सामान सुटकेसऐवजी मऊ बॅगांत भरा, मग दाटी होत नाही.

रात्रीबद्दल माझं ठाम मत: फर्नेस क्रीकला हुकअपची जागा हातात असेल तरच खोऱ्यात झोपा. तशा जागा मोजक्याच आहेत. नाही मिळाली तर लोन पाइनला राहा. मान्झनार तिथून जवळ, आणि उंची 3,700 फूट. दर हजार फुटांना हवा तीन ते पाच फॅरनहाइटने थंड होते, म्हणजे रात्री केवढा फरक पडेल बघा. पेट्रोलची टाकी तिथेच भरून घ्या. टाकीत पाव भागापेक्षा कमी पेट्रोल उरलं की आरव्हीचा जनरेटर बहुधा बंद पडतो, आणि पार्कमध्ये पेट्रोल महाग. पहाटे निघालात तर डेथ व्हॅलीच्या वाटेवरच्या टाउन पास या खिंडीचा चढ गारव्यात पार होईल. पुढच्या उतारावर खालच्या गिअरमध्ये राहा, नुसत्या ब्रेकवर विसंबू नका. खोऱ्याच्या तळाशी असलेल्या बॅडवॉटरच्या मिठावर आई-बाबांना सकाळी दहाच्या आत फिरवून आणा.

चाकोऐवजी ॲझ्टेक रुइन्सचे प्राचीन अवशेष बघा. न्यू मेक्सिकोतच, गावाला लागून, डांबरी रस्ता. चाकोच्याच जागतिक वारसा नोंदीत याचाही समावेश आहे. 1934 साली पुन्हा उभारलेल्या तिथल्या मोठ्या किवात (धार्मिक विधींच्या गोल दालनात) आत जाऊन बसता येतं. बाबा तिथून लवकर हलणार नाहीत!

मेसा व्हर्देत क्लिफ पॅलेस या कड्यातल्या वस्तीच्या रेंजर टूरमध्ये शिड्या चढाव्या लागतात. गुडघ्यांना झेपणार नसेल तर सन पॉइंटवरून तो समोर दिसतो. स्प्रूस ट्री हाउस ही तशीच दुसरी वस्ती दरडींमुळे 2015पासून बंद आहे, पण म्युझियमजवळून छान दिसतं. दुर्बीण न्याच.

आणि घड्याळ सांभाळा. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण ॲरिझोनातलाच नावाहो नेशन हा नावाहो आदिवासींचा प्रदेश करतो, आणि कॅन्यन डी शे त्यातच आहे. त्यामुळे फ्लॅगस्टाफहून कॅन्यन डी शेला गेलात की एक तास पुढे. कॅन्यनच्या तळाशी नावाहो गाइडशिवाय जाता येत नाही, तेव्हा गाइडशी वेळ ठरवताना ती नावाहो वेळ आहे ना, हे विचारून घ्या.