मणक्याच्या दुखापतीनंतर ताकद आली, पण चालताना पाय ऐकत नाहीत (मदत हवी आहे)

नमस्कार. माझा मोठा भाऊ गेल्या वर्षी आंबे काढताना झाडावरून पडला. पाठीतला डी-८ (छातीच्या मागचा आठवा) मणका मोडला, रॉड-स्क्रू टाकून ऑपरेशन झालं. दुखापत 'इनकम्प्लीट', म्हणजे मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नाही. सुरुवातीला पायाचं बोटही हलत नव्हतं. आता एशिया ग्रेड डी सांगतात (म्हणजे दुखापतीखालच्या निदान निम्म्या स्नायूंत बऱ्यापैकी ताकद आहे) आणि वॉकर धरून दादा पडवीतून अंगणापर्यंत चालतो.

कॉटवर झोपवून तपासलं तर मांडीची पॉवर ५ पैकी ४. गुडघा वाकव म्हटलं की वाकवतो, पाऊल वर घे म्हटलं की घेतो. पण चालायला लागला की तोच उजवा गुडघा काठीसारखा ताठ! चवडा जमिनीला घासतो, मग कंबर उचलून पाय बाहेरून फिरवून आणावा लागतो. थकला की मांड्या एकमेकींवर येतात, टाच टेकताना पाऊल थडथड उडतं. लघवीचं इन्फेक्शन झालं तेव्हा हे सगळं फारच वाढलं होतं.

येणारा-जाणारा सांगतो, अशक्तपणा आहे, अंडी द्या, व्यायाम वाढवा. दादा पायाला वजन बांधून जिद्दीने व्यायाम करतो, पण चालण्यात फरक पडत नाही. ताठपणा कमी करणाऱ्या बॅक्लोफेन गोळीचा डोस वाढवला तर ताठपणा उतरला, पण उभं राहताना गुडघा मोडायला लागला आणि दिवसभर झोप. आता तो म्हणतो, गोळीच बंद करतो. ताकद असून पाय असे का वागतात? आणि काय केलं तर चाल सुधारेल? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

न्यूरोफिजिओ_पुणे:
ताई, आधी गोळीचं. बॅक्लोफेन एकदम बंद करू देऊ नका. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. डोस डॉक्टरांकडूनच हळूहळू बदलून घ्या. गुडघा का मोडला तेही त्यांना सांगा: कमजोर स्नायूंना तो ताठपणाच उभं धरत होता. काहींना गोळीपेक्षा ठरावीक स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन जास्त सोयीचं पडतं, तेही विचारा.

आता चालीबद्दल. पाऊल वर घेणारा नडगीचा स्नायू काम करतो तेव्हा पोटरीने गप्प बसायचं असतं. हे गप्प बसवण्याचं काम मज्जारज्जूतली चेतापेशींची जाळी करतात आणि त्यांना मेंदूकडून येणारे तंतू आवर घालतात. तेच तंतू दुखावले की दोन्ही स्नायू एकदम आवळतात. गुडघ्याचंही तसंच. पाय पुढे येताना तो साधारण ६० अंश वाकायला हवा, पण मांडीचा पुढचा स्नायू नको त्या वेळी घट्ट राहतो. कॉटवर एकेक हालचाल सावकाश करायची असते, म्हणून तिथे हे दिसत नाही. वजनं बांधून ताकद वाढेल, पण चाल सुधारायची तर चालण्याचाच सराव लागतो.

एक गोष्ट नक्की बघा. मागचा पाय खुब्यातून पुरेसा मागे गेला आणि त्यावरचा भार उतरला, की मज्जारज्जूला 'आता पाय उचल' हा इशारा मिळतो. वॉकर फार पुढे ढकलून वाकून चाललं तर तो मिळतच नाही. हात सरळ सोडल्यावर वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेत यायला हवी. चवडा घासतो त्यासाठी एएफओ (घोटा-पाऊल धरून ठेवणारा आधार) मोजून करून घ्या, आणि रोज काढल्यावर पायाची कातडी लाल झाली आहे का ते बघा. संवेदना कमी असेल तर जखम झालेली कळत नाही. ताठपणा अचानक वाढला तर आधी इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, बेडसोअर तपासा.

प्रश्नकर्ती:
खूप आभार. वॉकर खरंच बुटका निघाला, आज वाढवला. बॅक्लोफेन बंद करणार नाही, दादाला समजावलं. अजून एक. आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत चिऱ्याच्या पायऱ्यांची पाखाडी आहे. ती कशी चढवायची-उतरवायची?

न्यूरोफिजिओ_पुणे:
वॉकर घेऊन पायऱ्या नकोत. आधी एका बाजूला पक्का कठडा बसवा. चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा आधी, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून. कमरेला पट्टा बांधून एकाने तो धरायचा. उतरताना धरणारा खालच्या पायरीवर हवा. पहिले काही वेळा तुमच्या फिजिओसमोरच करा. पावसाळ्यात शेवाळ धरलं की मात्र पाखाडी पूर्ण बंद.