एबीआय १.४६ आलेला पाय चांगला की वाईट? (मदत हवी आहे)

बाबा ६७ वर्षांचे. मधुमेह १८ वर्षांपासून, सिगारेट ४ वर्षांपूर्वी सोडली असं त्यांचं म्हणणं. गेलं वर्षभर फिरायला गेलो की तीन-चारशे पावलांवर थांबायचे, खिशातून फोन काढून बघायचे, दोन मिनिटांनी पुन्हा चालायला लागायचे. परवा लक्षात आलं, स्क्रीन बंदच होती. खोदून विचारल्यावर कबूल केलं, डावी पोटरी आवळून येते, उभं राहिलं की सुटते. मध्यंतरी मणक्याचं दुखणं म्हणून कमरेला पट्टा आला, सहा महिने त्यातच गेले.

आता दुसऱ्या डॉक्टरांनी एबीआय करायला लावलं, म्हणजे घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब. दंडाचा वरचा दाब १४०. डाव्या घोट्याचा ९०, म्हणजे ०.६४. उजव्याचा २०४, म्हणजे १.४६. डावीकडे रक्त कमी पोचतंय हे कळलं. उजवा पाय एकदम उत्तम, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलंय. पण जखम उजव्याच पायाला आहे! करंगळीला चप्पल चावली, त्याला तीन आठवडे झाले. दुखत नाही आणि भरतही नाही. नडगीवरचे केस गेलेत, कातडी तुकतुकीत झालीये, तीही दोन्ही पायांची.

पुढची तारीख १५ दिवसांनंतरची आहे. तोवर थांबावं का? शेजारच्या काकूंनी व्हेरिकोज व्हेन्सचे घट्ट मोजे आणून दिलेत, ते घालू का? आणि चालणं बंद करायचं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
मी डॉपलर (रक्तप्रवाहाच्या) तपासण्या करते, रोज हा गोंधळ बघते. १.० ते १.४ ठीक, ०.९ किंवा त्याखाली आला तर धमनीत अडथळा. पण १.४ च्या वर गेला तर आकड्यावर विश्वासच ठेवायचा नाही. मधुमेहात घोट्याजवळच्या धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, ती कडक होते. पट्टा कितीही फुगवा, दबत नाही, म्हणून दाब खोटाच जास्त दिसतो. आतून रक्त किती जातंय ते त्यावरून कळत नाही. पायाच्या अंगठ्यातल्या धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत, म्हणून तिथे छोटा पट्टा बांधून दाब घेतात. त्याला दंडाच्या दाबाने भागलं की टीबीआय येतो, तो ०.७ च्या खाली असेल तर रक्तपुरवठा कमी. जखम दुखत नाही याचं कारण बहुधा मधुमेहाने बधिर झालेल्या नसा. त्यात दिलासा मानू नका. १५ दिवस थांबू नका, व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनना या एक-दोन दिवसांतच दाखवा.

प्रतिसाद २
मोजे आधी परत करा. ते शिरांच्या आजारासाठी असतात, इथे धमनीचा प्रश्न आहे. आधीच कमी रक्त, त्यात वरून आवळायचं? गरम पाण्याची पिशवीही नको, बधिर पाय भाजला तरी कळणार नाही.

पोटरी दुखेपर्यंत चालणं, थांबणं, पुन्हा चालणं हा खरं तर या आजारावरचा उपचारच आहे, पण उघडी जखम असताना नाही. आधी जखमेचं बघा. आणि मणक्याचं म्हणाल तर, त्या दुखण्यात नुसतं उभं राहून सहसा बरं वाटत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. बाबा उभ्या उभ्याच बरे होत होते ना?

रात्री पाय खाली सोडून बसावंसं वाटतं का विचारा, रक्त फारच कमी पोचत असेल तर तसं होतं. बोट काळं पडलं किंवा पाय अचानक गार आणि पांढरा झाला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या, तिथे तासांचा हिशोब असतो.

धागाकर्ता
दोघांचे आभार. काल दाखवून आलो. उजव्या अंगठ्याचा दाब ३८ आला, म्हणजे टीबीआय ०.२७. 'उत्तम' पाय तो हाच! क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) रिपोर्ट आला की सीटी अँजिओग्राफी (डाय सोडून काढलेला धमन्यांचा स्कॅन) करायची की नाही ते ठरेल. अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन चालू झालंय. रात्रीचं विचारलं. महिनाभर बाबा खुर्चीतच झोपताहेत, आम्हाला वाटलं टीव्ही बघता बघता डोळा लागतो.